झाडेकाकाजींची सुट्टी

आमच्या दवाखान्यातून हुडकेश्वरचा कोणी पेशंट बरा होऊन घरी निघाला, की साऱ्या मजल्याला ते कळतं. त्यासाठी लाउडस्पीकर लागत नाही. पांढऱ्या शर्टातले एक उंच, वाळलेले गृहस्थ वॉर्डाच्या दारात उभे राहतात, उजवा तळवा कानामागे धरतात, घसा खाकरतात आणि म्हणतात,

“लक्ष द्या, लक्ष द्या. खाट क्रमांक अकरावरून सुटणारे श्री. नामदेवराव बोंद्रे हे मार्गे लिफ्ट, मार्गे औषधीचे दुकान, हुडकेश्वरकडे रवाना होत आहेत. सोबतच्यांनी आपले डबे, चादरी, रिपोर्ट व आजींचा चष्मा ताब्यात घ्यावा. धन्यवाद.”

नामदेवराव पोटावरचे टाके दाबून हसतात, सिस्टर धावत येतात. “काकाजी, हळू! हा दवाखाना आहे!”

“म्हणूनच हळू बोलून राहिलो ना बाई,” काकाजी म्हणतात. आणि ते खरंच असतं. त्यांचा मोठा आवाज ज्यांनी ऐकला आहे ते सांगतात, की त्याने गाडीत झोपलेला ड्रायव्हर जागा व्हायचा.

पुंडलिकराव झाडे यांची सारी नोकरी बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा माईक तिथेच राहिला, घोषणा मात्र ते सोबत घेऊन आले. घोषणा करताना ते पुस्तकात शोभेल असं मराठी बोलतात. ‘धन्यवाद’ म्हणून झालं, की लगेच आपल्या बोलीत उतरतात.

मी त्यांच्या शेजारच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. माझं गाव रामटेकच्या पलीकडे. वडील धान लावतात. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती मिळाली तेव्हा वडिलांनी प्रमाणपत्र गडावर नेऊन रामासमोर ठेवलं आणि पुजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. पुढे नागपुरात या दवाखान्याच्या नोंदी विभागात काम मिळालं. पेशंटच्या फायली जपायच्या, मागतील त्यांना नकला द्यायच्या. या नोकरीचे माझ्यावर मोठे उपकार आहेत, आणि त्या नोकरीत मला जे समजलं त्यातलं अर्धं काकाजींमुळे समजलं. आमच्या गावात डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे देवळात जाऊन देवाला वय विचारण्यासारखं होतं. डॉक्टर बोलू लागले की वडील हात जोडत, आणि ते बोलायचे थांबले की बाहेर येऊन मला विचारत, “काय म्हणाले?”

काकाजी हात जोडत नाहीत. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, कोणालाही दवाखान्यात न्यायचं असलं, की ते चप्पल घालून आधीच फाटकाशी उभे असतात. कोणी बोलावलं नाही तरी चालतं. त्यांच्याजवळ एकच शब्द असतो, तो म्हणजे ‘काहून’, आपलं ‘का’. तो ते रागाने विचारत नाहीत. लहान पोर आकाशाकडे पाहून विचारतं, तसा विचारतात. “हे इंजेक्शन काहून, जी?” “आज सुट्टी नाही, काहून?” आणि उत्तर मिळेपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने उभे राहतात. हसऱ्या माणसाला बाहेर कसं काढायचं हे आमच्या सुरक्षारक्षकांना अजून कोणी शिकवलेलं नाही.

सुट्टी हा त्यांचा खास प्रांत. दवाखान्यात सुट्टी सकाळी सांगतात आणि माणूस संध्याकाळी निघतो. मधल्या वेळात पेशंट कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या काठावर बसलेला असतो. नातेवाईक विचारून विचारून थकतात आणि दर वेळी उत्तर येतं, “फाईल खाली गेली आहे.”

हे वाक्य काकाजींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते इतके हसले, की सिस्टरनी त्यांचंच बीपी तपासलं.

“पोरी, हे वाक्य माझं आहे वं,” त्या दिवशी घरी जाताना ते मला म्हणाले. “गाडी आत उभी राहे. ड्रायव्हर जेवून राहिला राहे. अन् मी माईकवर सांगून मोकळा, गाडी निघाली आहे. लोकं उठत, सामान डोक्यावर घेत, रांगेत उभे होत. गाडी निघाली म्हटलं का माणूस भांडत नाही. आता पाह्य तू, फाईल खाली गेली म्हणजे फाईल टेबलावरच आहे.”

तेव्हापासून ते स्वतः खाली जातात. काउंटरवरच्या मुलीला विचारतात, “काहून थांबली जी गाडी?”

“मॅडमची सही राहिली आहे.”

“काहून?”

“मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत.”

“मग असं सांगा ना बाप्पा! त्यात लाजायसारखं काय आहे?”

मग ते वर येऊन कानामागे हात धरतात. “खाट क्रमांक अकराची गाडी उशिराने सुटेल. कारण, मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत. प्रवाशांनी चपला काढून आडवे व्हावे.” आणि गंमत अशी, की खरं कारण कळलं म्हणजे लोक खरोखरच आडवे होतात. सकाळपासून चिडचिड करणारा मुलगा बापाशेजारी बसून संत्रं सोलू लागतो. आमच्या व्यवस्थापकांनी हे पाहिलं आणि काउंटरवरच्या मुलींना सांगितलं, की यापुढे खरं कारण सांगत जा. काकाजींचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

आमच्या ओपीडीत ‘रुग्णांचे हक्क’ असा फलक आहे. नियमाप्रमाणे तो दर्शनी भागात आहे आणि त्याच्यापुढे नियमाप्रमाणेच कुंडीतलं एक मोठं झाड आहे. काकाजी आले की कुंडी सरकवतात. ते गेले की सफाईवाल्या बाई ती जागेवर आणतात, कारण फरशीवर तिचा गोल डाग आहे आणि तो दिसतो. एकदा काकाजींनी तो फलक साऱ्या ओपीडीला वाचून दाखवला. आजाराची आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. कागदपत्रांच्या नकला मिळण्याचा हक्क. माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क. माणसं कान देऊन ऐकत होती. वाचन संपलं तेव्हा मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले आणि त्यांनी विचारलं, “अन् भाऊ, काटोलची गाडी कितीले?”

ते सर्वज्ञ आहेत असा कोणाचा समज व्हायला नको. नामदेवरावांचा ऑपरेशनआधीचा हृदयाचा रिपोर्ट समजावून सांगा म्हणून त्यांनी एका तरुण डॉक्टरला अडवलं. तो बिचारा भला होता. त्याने कागदावर हृदय काढलं, कप्पे काढले, बाण काढले. मान वर केली तर काकाजी बसल्या जागी झोपलेले. नामदेवराव मात्र डोळे मोठे करून ऐकत होते.

“काकाजी, तुम्हाला समजलं का?” मी नंतर विचारलं.

“नाही. पण त्यानं सांगितलं ना?” ते म्हणाले. “मले समजून काय करायचं आहे? हृदय नामदेवचं आहे.”

भागाबाईंची गोष्टही तशीच. भागाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. त्यांना दुसरीकडे दाखवायचं होतं म्हणून त्या आपल्या सोनोग्राफीची नक्कल मागायला आल्या. माझा सहकारी म्हणाला, “दुसऱ्या डॉक्टरकडे चालल्या का?” म्हणाला असा, की जणू बाई लग्न मोडून चालल्या आहेत. भागाबाई वरमल्या आणि परत वळल्या. मागे काकाजी उभेच होते.

“भाऊ, पोट कोणाचं?”

“बाईंचं.”

“आतलं जे काही आहे ते कोणाचं?”

“बाईंचंच.”

“मग फोटो तुमचा काहून?”

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज घेतला आणि नक्कल काढून दिली. नियम तसाच होता. भागाबाईंनी ती पदराआड अशी धरली, जणू माहेरचा फोटो असावा.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू, म्हणजे काकाजींच्या पत्नी, पुण्याला मुलाकडे असतात. सुनेचं बाळंतपण होतं तेव्हा त्या महिनाभरासाठी म्हणून गेल्या. तो नातू आता शाळेत जातो. काकाजी का गेले नाहीत असं विचारलं, तर म्हणतात, “मी गेलो तं या लोकाइच्या सुट्ट्या कोण काढीन?” मी राहायला आले ती काकू गेल्यानंतर, त्यामुळे मी त्यांना फक्त आवाजाने ओळखत होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. काकाजी अंगणात खुर्ची टाकून तो स्पीकरवर लावतात, आणि काय जेवले, कोणाला सुट्टी झाली, हे सारी गल्ली ऐकते.

यंदा काकाजींना हार्निया झाला. तो त्यांनी बरेच दिवस लपवला. घोषणा करताना एक हात कानामागे आणि दुसरा पोटाखाली असायचा, एवढंच. शेवटी दुखणं वाढलं तेव्हा ते माझ्याबरोबर आमच्याच दवाखान्यात आले. सर्जन मॅडम त्यांना चांगल्या ओळखून होत्या. त्यांनी संमतीचा कागद पुढे ठेवला आणि न विचारताच एकेक धोका समजावून सांगू लागल्या. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग. काकाजींचा चेहरा उतरत गेला.

“एवढं खरं सांगायची काय गरज होती जी?” ते हळूच म्हणाले.

“तुमचा हक्क आहे काकाजी.”

“हाव, ते आहेच म्हणा.”

त्यांनी सही केली. नातेवाईकाचं नाव विचारलं तेव्हा म्हणाले, “मी शुद्धीवर आहो. माझी सही पुरे.” आणि बाहेर आल्यावर मला थांबवलं.

“वर्षा, एक ध्यानात ठेव. तुमच्याच बोर्डावर लिहून आहे. माझ्या तब्येतीची गोष्ट माझ्या परवानगीशिवाय कोणाले सांगता येत नाही. तुझी काकू त्या कोणाले-मध्ये येते.”

“पण काकाजी—”

“तुझ्या खात्याचा नियम आहे ना वं?”

नियम होता.

ऑपरेशन छान झालं. पंचाईत सुरू झाली ती काकूंच्या संध्याकाळच्या फोनमुळे. पुरुषांचा वॉर्ड, एक जण कण्हतो आहे, एक जण बोलावतो आहे, आणि काकाजी फोन तोंडाशी धरून उशीत घुसलेले.

“अजी, कुठं आहा? हा गलका कशाचा?” काकूंचा आवाज मला स्टुलावर ऐकू येत होता.

“बाजारात आहो.”

“कोणतरी सिस्टर सिस्टर म्हणून ओरडून राहिलं.”

“भाजीवाला आहे. बहिणीले हाक मारून राहिला.”

“इंग्रजीत?”

“मोठा बाजार आहे वं,” काकाजी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस हसता हसता कळवळला.

मग सुट्टीचा दिवस आला. मॅडम म्हणाल्या, “घरी जा. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. सुरुवातीला घरात कोणीतरी सोबत हवं.” मी डबा देणार होते, सकाळ-संध्याकाळ चक्कर मारणार होते. फाईल या वेळी कुठेही खाली गेली नाही. सिस्टरनी तर हौसेने कानामागे हात धरून घोषणाही केली. काकाजी हलले नाहीत.

“आज शनिवार आहे. शनिवारी सुट्टी घेतली तं पेशंट परत येते.”

हे वाक्य आम्ही दर शनिवारी ऐकतो. पेशंटचे नातेवाईक हमखास म्हणतात, आणि त्यांना “गाडीले शनिवार नसतो बाप्पा” असं सांगून उठवणारे काकाजीच असतात. सिस्टर पाहतच राहिल्या. रविवारी अमावस्या निघाली. सोमवारी त्यांना दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं होतं. दुसरे डॉक्टर आले आणि “उत्तम आहे, घरी जा” म्हणाले, तर काकाजींना तिसऱ्याचं हवं होतं, कारण “एक हो म्हणते, दुसरा हो म्हणते, याच्यात मत कुठं आलं?” त्यानंतर त्यांनी आपल्या साऱ्या कागदांच्या नकला मागितल्या. त्या मी दिल्या. मग त्यांनी त्या मराठीत समजावून मागितल्या. वॉर्डात ते मजेत होते. सकाळी सगळ्यांच्या झोपेची चौकशी करत, दुपारी कोणाच्या डब्यात काय आहे ते जाहीर करत. खाट मात्र अडली होती, आणि मॅडम मला म्हणाल्या, “वर्षा, यांचा खरा प्रश्न काय आहे ते जरा बघ.”

जेवणाच्या वेळात मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढलं.

“काकाजी, घरी काहून जात नाही?”

“तिसरं मत यायचं आहे ना.”

“ते काहून पाहिजे?”

“हक्क आहे ना वं माझा.”

“हक्क आहेच. पण पाहिजे काहून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसरा चेहरा करून बसून राहिले. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

“इथं सकाळी कोणी उठवते,” ते म्हणाले. “काकाजी, झोप झाली का, म्हणून विचारते. कामाचा भाग असंन, पण विचारते ना. घरी काय आहे? ताला उघडा अन् बसा.”

“मग काकूंना सांगा.”

“नको.”

“काहून? त्या लगेच येतील.”

पलीकडे कोणीतरी वांग्याच्या भाजीचा डबा उघडला, तरी काकाजींनी तिकडे पाहिलं नाही.

“अन् सांगितलं अन् नाही आली तं?”

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

“तिचंही खरं आहे वं. पोराची नोकरी, सूनबाईची नोकरी, नातवाले शाळेत कोण सोडंन? ती म्हणंन, बाप्पा, मी कशी येऊ आता? अन् मले बरं म्हणा लागंन. मग कसं जायचं त्या घरात?” त्यांनी चादरीची घडी सरळ केली. “जी गाडी अनाउन्सच नाही केली, ती लेट होत नसते.”

मी शिकलेली आहे, पण अशा वेळी काय बोलावं हे कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत. मला जे वाटलं ते मी बोलले.

“काकाजी, तुम्ही साऱ्या दवाखान्याला सांगता, माणसाला खरं कारण सांगा, तो भांडत नाही. आणि घरच्या माणसाला भाजीवाला सांगता.”

काकाजी हसले, मग पोट धरून “आई गं” म्हणाले, आणि पुन्हा हसले. उशीखालचा फोन काढून माझ्या हातात दिला.

“तूच सांग. मले नाही जमत.”

“परवानगी आहे?”

“आहे ना बाप्पा. आता काय शिक्का मारू?”

मी फोन लावला. मी शेजारची वर्षा, दवाखान्यात काम करते, असं सांगितलं, आणि मग हार्निया, ऑपरेशन, सगळं ठीक आहे, हेही एका दमात सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“जेवून राहिले का ते?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“भाजीले नावं ठेवतात का?”

“रोज.”

“मग बरे आहेत. दे त्याइले फोन.”

काकाजींनी फोन कानाला लावला. ज्या माणसाच्या आवाजाने ड्रायव्हर जागे होत, तो “हं,” “हं,” “नाही ना वं,” “हं,” एवढंच बोलला. त्यांनी फोन ठेवला तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“शिव्या दिल्या.”

“आणि येणार आहेत का?”

“पोराशी बोलते म्हणाली,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून दोघे जण घरी गेले. घोषणा झाली नाही. काकाजींनी दाढी करून घेतली होती आणि ते दाराकडे तोंड करून बसले होते. कोणाचंही पाऊल वाजलं की मान वर होई आणि परत खाली जाई. तिसरं मत त्यांनी पुन्हा मागितलं नाही. सिस्टरनी सुट्टीबद्दल विचारलं नाही, आणि मॅडमही तिकडून जाताना फक्त हसून गेल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, मॅडमच्या फेरीच्या वेळेला, एक ठेंगण्या बाई हातात मोठी पिशवी घेऊन वॉर्डाच्या दारात आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्या बोलल्या आणि मी ओळखलं.

“काय जी, झाला का बाजार?”

काकाजी उठायला गेले. “वाकायचं नाही!” असं सिस्टर, मी आणि पलीकडच्या खाटेवरचा माणूस एकदमच ओरडलो. काकू खाटेशी आल्या. त्यांनी काकाजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, चादर नीट केली आणि म्हणाल्या, “वाळून गेले पार.” काकाजी आधीपासून असेच आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. काकूंना नमस्कार करून त्यांनी फाईल उघडली आणि काकाजींकडे वळून विचारलं, “काकाजी, काकूंसमोर सगळं सांगितलं तर चालेल ना? तुमची माहिती आहे, तुमची परवानगी हवी.”

काकाजींनी मॅडमना बोटाने जवळ बोलावलं. त्या वाकल्या. काकाजी त्यांच्या कानात बोलले, पण त्यांचं कानात बोलणंही लिफ्टपर्यंत पोचतं.

“सांगा ना जी. अन् जरासं वाढवून सांगा.”

मॅडमनी फाईलमध्ये तोंड घातलं. काकूंनी मान वर केली नाही. पिशवीतून आणलेला पांढरा शर्ट त्यांनी बाहेर काढला, झटकला आणि त्याची बटणं सोडता सोडता म्हणाल्या,

“सांगा मॅडम. ते म्हणतात तसंच सांगा.”